हे कोणाच्या कानानं ऐकायचं? माहितीपटाचं संगीत दोघांनी मिळून कसं करावं

इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा दिग्दर्शिका माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. चित्रीकरण अजून निम्मंही झालं नव्हतं. संगीतकाराला इतक्या लवकर सहसा कोणी बोलवत नाही. फिल्म कापून, जोडून झाली की फोन येतो, "ताई, बावन्न मिनिटांची आहे, तीन आठवडे आहेत, जमेल ना?" पूर्वी मी लगेच हो म्हणायचे. आता आधी विचारते, चित्रीकरणाचा एखादा दिवस शिल्लक आहे का? असेल तर मी येते. नसेल तर निदान सगळा कच्चा आवाज मला पाठवा.

गेली सोळा वर्षं मी माहितीपटांना संगीत देते. गाणं मिरजेत शिकले, राहते पुण्यात. नवे दिग्दर्शक आणि नवे संगीतकार मला वारंवार विचारतात की दोघांनी मिळून काम नेमकं करायचं कसं. त्यांना जे सांगते ते इथे एकाच फिल्मच्या आधारानं लिहिते. ही फिल्म अडतीस वर्षं माग चालवून निवृत्त झालेल्या आणि त्या खडखडाटात ऐकू येणं कमी झालेल्या एका कामगाराची आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

आधी जागा ऐका

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. पण वीज चालू होती, ट्यूबलाइट चालू होत्या, कोपऱ्यातली एक मोटर चालू होती. मी रेकॉर्डर एका बीमवर ठेवला आणि पाच मिनिटं कोणाला बोलू दिलं नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर आणि ट्यूबचे चोक १०० हर्ट्झला गुणगुणतात. पेटीवर हा सूर शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे, पांढरी पाचच्या थोडा वर पडतो. त्या दृश्याखाली पेटी किंवा कीबोर्ड वाजवला तर सगळं बेसूर वाटतं, आणि का वाटतं हे दिग्दर्शकाला सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, "काहीतरी खटकतंय."

तारेच्या वाद्याला ही अडचण नाही. माझा तानपुरा मिरजेचा, काळी चारमध्ये लावलेला. खर्जाची तार अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी उतरवली की ती बरोबर त्या गुणगुणीवर येऊन बसते. बाकीच्या तारा तिच्यामागे लावून घेतल्या. पुढे फिल्मचं सगळं संगीत त्या शेडच्या विजेच्या सुरात बांधलं गेलं. हे मला घरी बसून सुचलं नसतं.

लयीचंही तसंच. एक साधा माग मोजला, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, मिनिटाला साधारण १३० वेळा इकडून तिकडे जात होता. शेजारचा थोडा हळू, त्यापलीकडचा थोडा जलद. अशा दृश्याखाली १२० किंवा १४० च्या लयीत तबला ठेवला तर तबलजी चुकतोय असंच प्रेक्षकाला वाटणार. मार्ग दोनच उरतात. पडद्यावर एकच माग दिसत असेल तर त्याच्या नेमक्या निम्म्या लयीत, म्हणजे ६५ ला वाजवा. अख्खी शेड दिसत असेल तर लय सोडून द्या आणि आलापीसारखं मोकळं ठेवा.

दिग्दर्शकांना विनंती अशी की चित्रीकरणाच्या प्रत्येक जागेचा निदान एक मिनिटाचा निव्वळ आवाज ध्वनिमुद्रकाकडून घ्या आणि तो संगीतकाराला द्या. संकलनात हे तुकडे टेबलाखाली पडून राहतात. मला ते रफ कटइतकेच, म्हणजे फिल्मच्या पहिल्या कच्च्या जोडणीइतकेच, महत्त्वाचे वाटतात.

टेम्पचा मोह

संकलकाला कापायला काहीतरी ताल लागतो, म्हणून तो कुठल्या तरी परदेशी फिल्मचं संगीत तात्पुरतं खाली टाकतो. याला टेम्प म्हणतात. दोन महिने तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानात ते घर करतं, आणि मग संगीतकाराने काहीही केलं तरी ते "तसं" वाटत नाही. काकांच्या फिल्ममध्येही संथ चेलो होता. मी दिग्दर्शिकेला म्हटलं, "टेम्प ठेव, पण प्रत्येक तुकड्यासमोर एक वाक्य लिही की इथे हा का आवडला. वाद्याचं नाव लिहायचं नाही." तिनं लिहून आणलेल्या वाक्यांत एक होतं: "यामुळे काका एकटे वाटत नाहीत, कोणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं." चेलोतून मला इतकं काही कधीच कळलं नसतं. त्या वाक्यावर मी चार दिवस काम केलं.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. इचलकरंजी म्हणजे बाळकृष्णबुवांचं गाव. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू. याच गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हा बुवा हयात होते. तिला वाटलं, फिल्मच्या सुरुवातीला ख्याल हवा. मला बुवांबद्दल जो आदर आहे तो माझ्या गुरुघरातून आलेला आहे, तरी मी नाही म्हटलं. काकांच्या घरी ख्याल कधी वाजला नव्हता. त्यांच्याकडे एकादशीचं भजन होतं. गावाचं मोठेपण माणसाच्या अंगावर घालायचं नसतं. आम्ही दोन दिवस यावर भांडलो, नीट भांडलो, आणि मग ती मला काकांच्या भजनी मंडळात घेऊन गेली.

स्पॉटिंग: कुठे नको ते आधी ठरवा

फिल्म कापून जवळजवळ पक्की झाली की दिग्दर्शक, संकलक, ध्वनी-संयोजक आणि संगीतकार एकत्र बसून कुठे संगीत येणार हे ठरवतात. याला स्पॉटिंग म्हणतात. एक दिवस पूर्ण राखून ठेवा. पहिल्यांदा फिल्म न थांबवता, न बोलता पाहा. दुसऱ्यांदा थांबवत पाहा आणि फक्त संगीत कुठे *नको* ते लिहा. संगीत हवं त्या जागा तिसऱ्यांदा पाहताना लिहायच्या. हा क्रम मी कधीच बदलत नाही, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका फिल्ममध्ये नवरा गेलेल्या एका बाईची मुलाखत होती. ती बोलता बोलता थांबते, खाली बघते. मी तिथे सारंगी घातली. सगळ्यांना फार आवडली. गावात फिल्म दाखवली तेव्हा त्या बाई माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "मी तेव्हा रडत नव्हते हो. मला राग आला होता." त्यांचा राग मी पुसला होता, आणि जिथे जिथे ती फिल्म दाखवली जाईल तिथे तो पुसलेलाच राहणार आहे. कथापटात नट असतो, त्याला काय वाटतंय ते लेखकानं ठरवलेलं असतं. इथे समोर खरा माणूस आहे, फिल्म संपल्यावर तो त्याच गल्लीत राहायला जातो. त्याला काय वाटलं हे माहीत नसेल तर संगीत घालू नका. दिग्दर्शकाला विचारा. त्यालाही माहीत नसेल तर त्या माणसालाच फोन करून विचारा.

त्या दिवसापासून स्पॉटिंगच्या वहीत मी एक रकाना वाढवला. पहिल्या दोन रकान्यांत क्यू, म्हणजे संगीताचा एक तुकडा, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ), तिसऱ्यात कारण. चौथ्यात लिहिते: कोणाच्या कानानं?

काकांच्या फिल्ममध्ये या चौथ्या रकान्यानंच सगळं ठरवलं. सतत मोठ्या आवाजात काम केलं की कान साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी खचतात. काकांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कान तपासणीच्या आलेखावर, तिथे रेषा खोल खड्ड्यात उतरली होती. या भागातच स, श, थ, फ अशी व्यंजनं स्पष्ट होतात. म्हणून काका म्हणायचे, "कोणीतरी बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही." स्वर पोचतात, व्यंजनं गळून पडतात. मग जे क्यू काकांच्या कानानं ऐकायचे त्यात आम्ही वरचं काहीच ठेवलं नाही. तानपुऱ्याचा खर्ज आणि पखवाजाच्या डाव्या पुडीची गुंजन, एवढंच. बासरी फक्त नातीच्या दृश्यांत आली, कारण ती दृश्यं तिच्या कानानं ऐकायची होती. एका दृश्यात नात काकांच्या खोलीत येते, बासरी तिच्याबरोबर दारापर्यंत येते आणि उंबऱ्यावर हळूहळू बोथट होत जाते. प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगत नाही, पण त्या क्षणी तो काकांच्या बाजूला जाऊन बसतो.

शेवटी बावन्न मिनिटांत एकोणीस मिनिटं संगीत राहिलं. पहिल्या बैठकीत एकतीस मिनिटं लिहिली होती.

दिग्दर्शकांनी बोलताना "इथे दुःखी हवं", "इथे जरा ग्रँड हवं" असं म्हटलं तर संगीतकार सवयीचं काहीतरी वाजवून मोकळा होतो. त्याऐवजी हे सांगा: या क्षणी प्रेक्षकाला असं काय माहीत आहे जे त्या माणसाला माहीत नाही? दृश्याच्या आधी आणि नंतर काय आहे? हे दृश्य काढलं तर फिल्मचं काय बिघडेल? संगीतकारानंही "यमन चालेल का?" असं विचारू नये. दिग्दर्शकाला राग कळायलाच हवा असं कुठे आहे? दोन वेगवेगळे तुकडे वाजवून दाखवावेत आणि तिचा चेहरा पाहावा.

बोलणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहणं

मुलाखतीखाली संगीत लिहिताना माझी पद्धत साधी आहे. आधी ते बोलणं डोळे मिटून दहा वेळा ऐकते आणि माणूस कोणत्या सुराच्या आसपास बोलतो ते शोधते. काका वाक्य संपवताना एका ठरावीक सुरावर उतरायचे. तो सूर लिहून ठेवला आणि ते बोलत असताना त्या सुरावर कुठलंच वाद्य ठेवलं नाही. सारंगी, व्हायोलिन, बासरी ही वाद्यं आवाजाच्याच पट्ट्यात राहतात, म्हणून ती शब्दांवर चढतात. त्यांना श्वासाच्या जागी येऊ द्या. वाक्य संपतं, माणूस थांबतो, तिथे दोन स्वर, आणि तो पुन्हा बोलायला लागण्याआधी बाजूला. साथीला बसलेल्या पेटीवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही, म्हणून माहितीपटाला संगीत देऊ पाहणाऱ्या मुलांना मी सांगते की वर्षभर कोणाच्या तरी गाण्याला साथ करा.

आणखी एक: महत्त्वाच्या वाक्याच्या आधी संगीत संपवा. वाक्याबरोबर संपवलं तर ते वाक्य जाहिरातीसारखं वाटतं.

वादकांबरोबर

भजनी मंडळ आम्ही स्टुडिओत आणलं नाही. नऊ माणसं, बहुतेक जण मागावरचे, रात्रपाळी असलेले. त्यांना काचेमागे बसवून कानात टिकटिक घातली असती तर भजन मेलं असतं. देवळातच रात्री साडेनऊनंतर गेलो, दोन माइक मंडळासाठी आणि एक वेगळा वीणेकऱ्याजवळ. आधी रिकाम्या देवळाचं एक मिनिट. मग प्रत्येक अभंग पूर्ण, मधे न थांबवता. कापाकापी नंतर. एका गोष्टीची तयारी केली नव्हती, पंखे. ते बंद करायला सांगितल्यावर नऊ माणसं तासभर घामात बसून गायली. पुढच्या वेळी मी थंडीत जाईन.

इथे एक धोका आहे, तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. अभंग तुकोबांचा आहे म्हणून हक्काचा प्रश्न नाही, असं आपण धरून चालतो. शब्दांपुरतं ते खरं. पण मंडळं पुष्कळदा नावाजलेल्या ध्वनिमुद्रिकांतल्या चाली म्हणतात. ती चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर आपल्या कायद्यानं त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत ती त्याच्या वारसांची किंवा कंपनीची असते. म्हणून मंडळाच्या बुवांना आधीच विचारा, "ही चाल कुठून आली?" आमच्या बुवांनी पहिले दोन अभंग रेडिओवरच्या चालीत म्हटले. विचारल्यावर म्हणाले, "आमच्या आज्याच्या वेळची एक आहे, ती म्हणू का?" फिल्ममध्ये तीच आहे.

काका त्या मंडळात टाळ वाजवतात. टाळेचा झणत्कार त्यांना ऐकू येत नाही, तो फार वरचा आवाज. ते शेजाऱ्याच्या हातांकडे बघतात आणि आपल्या तळव्यातला धक्का मोजतात. एकदाही चुकले नाहीत. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, मी त्यांची टाळ शोधून थोडी पुढे आणली.

फायली, फ्रेम आणि लॉक

ही बाजू रुक्ष आहे, पण घोटाळे इथेच होतात. संकलकानं संगीतकाराला पाठवायच्या फाइलवर टाइमकोड छापलेला हवा. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर संगीताचं सेशनही २५ चं ठेवा, आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा 'बीप' ठेवा. दोन्हीकडचे बीप जुळले की बाकी सगळं जुळतं. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे १०० च्या लयीत प्रत्येक मात्रा नेमकी १५ फ्रेमवर येते. संकलकाला एवढं सांगितलं तर तो तालात कापू शकतो.

परदेशी महोत्सवासाठी कोणी २५ ची फिल्म २४ वर संथ करून पाठवणार असेल तर ते आधीच कळायला हवं. चार टक्के वेग कमी झाला की सगळा सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी, पण कानाला कळेल इतका खाली सरकतो. सॉफ्टवेअर तो परत वर चढवतं, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, त्यात खरबरीत होते. अशा वेळी दोन्ही वेगांसाठी स्वतंत्र मिक्स करा.

'लॉक', म्हणजे आता कापाकापी बंद, या शब्दावर मी एकदा फार विसंबले होते. एका फिल्ममध्ये सगळं ध्वनिमुद्रण झाल्यावर निर्मात्याकडून नवी प्रत आली, मधले चाळीस सेकंद गायब. त्यापुढचे अकरा क्यू सरकले, तीन वादकांना पुन्हा बोलवावं लागलं आणि त्यांचं मानधन माझ्या खिशातून गेलं. आता करारात एक ओळ असते: लॉकनंतर बदल झाले तर बदलांची टाइमकोडसह यादी मिळेल आणि पुन्हा ध्वनिमुद्रणाचा खर्च निर्मात्याचा. शिवाय मी क्यूची शेपटी नेहमी दहा-पंधरा सेकंद लांब देते.

अंतिम मिक्सला संगीत एका सलग फाइलमध्ये देऊ नका. तानपुरा, ताल, सुरावट आणि मंडळाचे आवाज वेगवेगळे द्या, म्हणजे शब्द दबला तर ध्वनी-संयोजक फक्त सुरावट कमी करू शकेल. त्या दिवशी संगीतकारानं स्टुडिओत हजर राहावं, आणि संगीत कमी करायचा निर्णय आपणहून घ्यावा. माझा सर्वांत आवडता क्यू मी तिथेच काढायला सांगितला. त्या जागी आता फक्त बंद शेडमधली ती विजेची गुणगुण आहे, आणि ती तानपुऱ्यासारखी ऐकू येते, कारण आधीची चाळीस मिनिटं आपण तानपुरा तिच्याच सुरात ऐकलेला असतो.

पैसे आणि नावं

पहिल्या भेटीतच बोला. किती मिनिटं संगीत, किती वादक, किती वेळा बदल, पैसे किती हप्त्यांत. संकोच वाटतो, विशेषतः दिग्दर्शक स्वतःच्या बचतीतून फिल्म करत असेल तर. पण न बोलता राहिलं की मैत्री जाते. हक्कांचंही लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे चित्रपटगृहात फिल्मसोबत होणारा वापर सोडला तर इतर वापरांच्या रॉयल्टीतला आपला वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. "सगळे हक्क कायमचे" अशी ओळ दिसली की मी हे कलम दाखवते. बहुतेकांना ते माहीतच नसतं, आणि सांगितलं की ते ओळ बदलतात. रॉयल्टी मिळायची तर क्यू-शीट लागते: प्रत्येक तुकड्याचं नाव, लांबी, संगीतकार, वापराची पद्धत. ती मिक्सच्या आठवड्यातच भरा, सहा महिन्यांनी काही आठवत नाही.

आमच्या क्यू-शीटमध्ये अभंगासमोर 'चाल पारंपरिक' असं लिहिलं आणि मंडळाचं नाव दिलं. मानधन नऊ जणांना सारखं, त्याच रात्री, पाकिटात. काकांना द्यायचं का यावर दिग्दर्शिका अडखळली, कारण ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना पैसे द्यायचे नाहीत असा तिचा नियम होता. मी म्हटलं, त्या रात्री ते वादक होते. तिनं दहा मिनिटं विचार केला आणि नववं पाकीट भरलं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आता दोनदा येतं. दुसऱ्यांदा येतं ते संगीताच्या यादीत, टाळ या शब्दासमोर.